गावरान भाज्यांचं बी घरी राखताना: फुलापासून बरणीपर्यंत

तीन वर्षांपूर्वी मामीने मला आढ्याला टांगलेला एक वाळका दोडका काढून दिला. तिच्या सासूपासून चालत आलेलं बी. बुटका, जाड शिरांचा, कोवळा असताना सालासकट चटणी करावी असा. पहिल्या वर्षी आमच्या घरामागच्या चार गुंठ्यांत तो झकास आला. मी सगळ्यांत देखणं फळ बियाण्याला ठेवलं, बी काढलं, वाळवलं, बरणीत भरलं. दुसऱ्या वर्षी सहा वेल लावले आणि त्यातल्या दोन वेलांची फळं इतकी कडू निघाली की भाजी कढईसकट बाहेर ओतावी लागली.

मामीला फोन केला तर तिने एकच विचारलं, "कुंपणाला रानदोडका होता का गं?" होता. मी त्याची पिवळी फुलं बघून फोटोही काढले होते. ती हसली. "मग ते बी निम्मं त्या कुंपणाचं."

बी वाळवायचं कसं, राख कशी लावायची, हे सगळे सांगतात. पण बी बिघडतं त्याच्या कितीतरी आधी, फुलात, आणि त्या वेळी डोळ्यांना काहीच दिसत नाही. परका पराग बसला तरी त्या वर्षीचं फळ आईसारखंच चवीला असतं, कारण गर आईचा. भेसळ असते ती आतल्या बीत, आणि ती कळते पुढच्या पावसाळ्यात. म्हणून खाली परागीकरणाचा भाग लांबलचक आहे आणि साठवणुकीचा त्या मानाने आटोपशीर.

१. हातातलं बी कुठलं आहे ते आधी ठरवा

पाकिटावर "संकरित" किंवा "एफ-१" लिहिलं असेल तर त्याचं बी राखण्यात अर्थ नाही. उगवेल जरूर, पण पुढच्या पिढीत एक झाड आजोबांवर तर एक आजीवर गेलेलं. "सुधारित" किंवा "सरळ वाण" असेल तर राखता येतं. आणि गावाकडून कुणाच्या तरी कणगीतून, मडक्यातून आलेलं असेल तर ते गावरान.

गावरान म्हणजे सगळी झाडं एकसारखी, असं मात्र नाही. वालाच्या एकाच ओंजळीत पांढरे, तांबडे, ठिपक्याचे दाणे निघतात आणि ते तसेच असायला हवेत. पाऊस लांबला तर एक तगतो, धुकं पडलं तर दुसरा. त्यातले फक्त टपोरे पांढरे निवडून पेरत गेलात तर तीन-चार वर्षांत तुमच्याकडे वाण उरेल, पण त्याची हिंमत गेलेली असेल.

बी कुठून मिळवावं? पहिलं उत्तर कायम नात्यातली किंवा ओळखीतली साठीपुढची बाई. दुसरं, बियाणे महोत्सव. नागपूरचा बीजोत्सव त्यासाठी माहीत आहे. तिसरं, बीज बँका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव २०२० साली पद्मश्री जाहीर झाल्यावर सगळ्यांना कळलं. त्यांच्या कामामागे बायफ ही संस्था आणि त्या भागातल्या कित्येक बायांनी घरात राखलेलं बी उभं आहे. मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आपल्याकडचं एखादं बी घेऊन जा.

आणि मिळालेलं सगळं बी एकाच वर्षी पेरू नका. निम्मं तरी बाजूला ठेवाच. माझा दोडका वाचला तो मामीच्या पहिल्या फळातल्या वीस बिया पाकिटात विसरल्या होत्या म्हणून. हुशारी काही नव्हती.

२. पहिल्या वर्षी सोपं पीक घ्या

टोमॅटो, श्रावण घेवडा, वाटाणा, मेथी यांचं परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलात उरकतं. इथून सुरुवात करा. दोन जातींत आठ-दहा पावलं अंतर ठेवलं तरी घरापुरतं भागतं.

वांगी, मिरची, भेंडी, तूर ही मधली मंडळी. स्वतःचं स्वतः जमवतात, पण मधमाशी आली तर तिलाही नाही म्हणत नाहीत. ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावून ढोबळीचं बी राखलंत तर पुढच्या वर्षीची ढोबळी घाम फोडेल.

दोडका, दुधी, लाल भोपळा, काकडी, कारलं, मका, मुळा, कांदा ही पूर्ण परपरागी, म्हणजे दुसऱ्या फुलाच्या परागावर फळणारी. मक्याच्या नादी गच्चीवर लागूच नका. त्याला निदान शंभरेक ताटं लागतात, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत कणसं खुरटतात. वेलवर्गीय भाज्या तशा सोशिक असतात. पाच-सहा वेल असले तरी काही वर्षं निभावतं. वांगी-मिरचीची दहा झाडं धरा. कर्टुल्यात नर वेल वेगळा, मादी वेगळी, त्यामुळे एकच वेल लावून वाट बघत बसू नका.

वालाची एक गोष्ट शहरातल्या लोकांना हमखास फसवते. गावरान वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतो. फेब्रुवारीत लावला तर वेल गच्ची भरून टाकतो आणि फूल एक नाही. जून-जुलैत लावा, फुलं दिवाळीच्या आगेमागे. माझी चुलत बहीण अमेरिकेत उत्तरेकडे राहते. तिच्याकडे वाल फुलायला लागतो तोच हिम पडतं. तिथे वेलाचा दोष नाही, दिवसाचा आहे.

३. लागणारं सामान

बहुतेक घरातच आहे:
- जुन्या मच्छरदाणीच्या आणि मलमलच्या पिशव्या, लहान-मोठ्या
- केसांच्या छोट्या क्लिपा, दोरा, रंगीत लोकर
- कागदी पाकिटं, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या
- सिलिका जेल (नसेल तर तांदूळ, त्याबद्दल पुढे)
- पेन्सिल. बॉलपेनची शाई दमटपणाने पसरते
- एक वही

४. परागीकरण: इथे घाई करू नका

बियाणं प्रमाणित करण्याचे सरकारी निकष बघितले तर टोमॅटोच्या दोन जातींत प्रमाणित बियाण्यासाठी २५ मीटर अंतर पुरतं, वांग्याला १०० मीटर लागतं, आणि वेलवर्गीयांचा आकडा शेकडो मीटरांत जातो. चार गुंठ्यांत किंवा गच्चीत हे शक्य नाही. शेजाऱ्याच्या दुधीवर आपला हक्कही नाही. तेव्हा फुलालाच झाकायचं.

आधी कोण कुणाशी मिसळतं ते नीट समजून घ्या. दुधी आणि लाल भोपळा मिसळत नाहीत. काकडी आणि कारलं तर मुळीच नाहीत. "कारल्याशेजारी लावली म्हणून काकडी कडू झाली" हे आपल्याकडे आजही ऐकू येतं, ते खोटं. काकडी कडू होते ती स्वतःच्या गुणाने आणि पाण्याचा ताण पडला म्हणून. पण दुधीची कुठलीही जात दुधीच्या कुठल्याही जातीशी मिसळते, लांब असो की गोल. दोडका रानदोडक्याशी मिसळतो, आणि या वेलांमध्ये रानाचा कडूपणा वरचढ ठरतो. म्हणून पहिलं काम: कुंपण, ओढा, पडीक जागा फिरून रानवेल फुलण्याआधी उपटणे. तेवढ्यावर विसंबू नका, पण करा.

दुसरं, फूल कधी उमलतं ते ओळखा. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात. घोसाळं, काकडी, कारलं, लाल भोपळा पहाटे-सकाळी. मी पहिल्यांदा दोडक्याला सकाळी सात वाजता क्लिप लावायला गेले होते. रात्रीत पतंगांनी काम उरकलेलं होतं.

दोडक्याची पद्धत अशी:

नर फुलं झुपक्यात येतात, देठ नुसता. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्यामागे करंगळीएवढा दोडका आधीच दिसतो. वेल सुरुवातीला नुसतीच नर फुलं काढतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुपारी चारच्या सुमारास फिरा. त्या संध्याकाळी उमलणाऱ्या कळीच्या टोकाला पिवळं फुटायला लागलेलं असतं. अशी मादी कळी हेरून तिच्या टोकाला क्लिप लावा. दुसऱ्या दोन-तीन वेलांवरच्या नर कळ्यांनाही लावा. त्याच वेलाची नको.

सहा-साडेसहाला परत या. नर कळी खुडा, पाकळ्या सोलून काढा, आतल्या परागाला बोट लावून बघा. पिवळी पूड बोटाला लागली तर तयार. मादी फुलाची क्लिप काढा, पाकळ्या हळूच उघडा आणि दोन-तीन नर फुलं एकामागून एक मधल्या भागावर टेकवा. रगडू नका. मग पाकळ्या मिटून पुन्हा क्लिप, वरून मलमलची पिशवी. उघडं फूल दोन मिनिटं सोडून फोन घ्यायला गेलात तर तेवढ्यात मधमाशी येते, हे मी अनुभवाने सांगते आहे. असं झालं तर ते फूल भाजीला.

दोन-तीन दिवसांनी पिशवी काढा, देठाला लोकर बांधा. लोकर विसरलात तर घरातलं कुणीतरी तेच फळ तोडून आमटीत घालणार. माझ्याकडे दहा फुलांमागे पाच-सहा धरतात. पाऊस असेल तर दोनही धरत नाहीत.

पहाटे फुलणाऱ्या लाल भोपळ्याला क्लिपा आदल्या संध्याकाळी लावायच्या आणि उजाडताच काम करायचं. बाकी तेच.

वांगी-मिरचीला एवढा खटाटोप नाही. एका फांदीवरची उमललेली फुलं आणि फळं काढून टाका, नुसत्या कळ्या ठेवा, फांदीवर मच्छरदाणीची पिशवी चढवून तोंड बांधा. रोज सकाळी फांदीला दोन टिचक्या मारा. फळं धरली की लोकर बांधून पिशवी काढा.

५. कुठलं झाड राखायचं, कुठलं नाही

सगळ्यांत मोठ्या एकाच फळाचं बी घेऊ नका. पाच-सहा झाडांवरचं थोडंथोडं घ्या. ज्या झाडाची पानं पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी आकसली आहेत ते बियाण्याला वर्ज्य. घेवड्याचा हा मोझॅक रोग बीतूनच पुढे जातो. भेंडीचा केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडायचा रोग, बीतून जात नाही, तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. तरी लवकर बळी पडलेल्या झाडाचं बी कशाला वाढवायचं?

वेलवर्गीयांत प्रत्येक वेलाच्या एका कोवळ्या फळाची चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंका, चूळ भरा, वेल उपटा. ही चेष्टा नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. थोडा कडू आहे, चालेल, असं या भाज्यांत कधीच म्हणू नये.

आणखी एक व्यवहार. वेलावर बियाण्याचं फळ पिकायला लागलं की तो नवी फळं कमी धरतो. म्हणून भाजीचे वेल आणि बियाण्याचे वेल आधीच वेगळे ठरवा, म्हणजे घरात भांडणं होत नाहीत.

६. फळ पुरतं पिकू द्या

खायला योग्य वांगं बियाण्याला कोवळं असतं. ते झाडावरच पिवळं-तांबूस होऊन निबर झालं पाहिजे. काकडी पिवळी-तपकिरी होऊ द्या आणि तोडून आणखी आठ-दहा दिवस ठेवा. लाल भोपळा तोडल्यावर तीन-चार आठवडे घरात राहू द्या, आतल्या बिया भरत असतात. दुधीचं साल नखाने टोचेनासं झालं की तो तयार. भेंडीची शेंग वाळून शिरांवर तडकायला लागली की काढा.

दोडका वेलावरच वाळून खुळखुळा होतो. त्याच्या टोकाला झाकणासारखा भाग असतो, तो गळून पडला की बिया खाली सांडतात. आढ्याला टांगलात तर खालच्या टोकाला फडकं बांधा. उंदरांचं मी पुढे सांगते.

७. बी काढणं

वाल, घेवडा, भेंडी, दोडका: झोडा, पाखडा, झालं.

टोमॅटोच्या बीभोवती चिकट आवरण असतं आणि ते उगवण रोखतं. गर-बी भांड्यात काढा, चमचाभर पाणी घाला, फडकं बांधून सावलीत ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक-दीड दिवस, हिवाळ्यात दोन-तीन. वास येईल, वर पांढरट साय धरेल. मग भरपूर पाणी ओतून ढवळा. बुडलेलं बी चांगलं, तरंगलेलं फेका. जास्त दिवस ठेवलंत तर बी तिथेच मोड काढतं. पिकल्या काकडीलाही हीच रीत.

वांगं पाण्यात कुस्करून बी खाली बसू द्या. मिरचीचं बी काढताना हातमोजे घाला आणि त्या दिवशी डोळ्यांत लेन्स घालू नका.

८. वाळवणं

ओलं बी कागदावर पसरू नका, चिकटून बसतं. स्टीलचं किंवा चिनी मातीचं ताट घ्या. दुपारच्या उन्हात पत्र्यावर तर अजिबात नको. तिथे बी भाजून निघतं आणि दिसायला मात्र ठणठणीत राहतं. सावलीत, वाऱ्यावर, रोज दोनदा हलवत आठ-दहा दिवस.

वाळलं का ते असं बघा: दुधीची बी वाकवली तर काडकन तुटली पाहिजे. वालाचा दाणा दाताखाली दबला तर ओला, टणक लागला तर ठीक. कोकणात, गोव्यात श्रावणात काढलेलं बी हवेवर कधीच पुरतं वाळत नाही. तिथे तांदूळ कढईत चांगले कोरडे भाजा, झाकून थंड करा, बरणीत खाली तांदूळ आणि वर बीची कापडी पुरचुंडी ठेवून आठवडाभर झाकण बंद. तांदूळ ओल ओढून घेतात.

९. साठवण

बीचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. ढोबळ नियम असा की बीतली ओल एक टक्क्याने किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. जुन्या लोकांनी हेच चुलीवर टांगलेली मक्याची कणसं, राखेतला वाल आणि पेंढ्यात गुंडाळलेला भाताचा मुडा यांतून साधलं होतं. चुलीचा धूर आता आपल्या घरात नाही, म्हणून बरणी.

कडधान्याचं बी बरणीत भरण्याआधी हमखास एक काम करा. भुंग्याची अंडी शेतातूनच आलेली असतात. बी खडखडीत वाळलं असेल तर हवाबंद डब्यात पाच दिवस फ्रीजरला ठेवा. ओलं ठेवलंत तर भुंग्यासोबत बीही मरेल. फ्रीजर नसेल तर गाळलेली राख चोळा, नाहीतर एरंडेलाचा पुसट हात.

मग पाकीट, पाकिटं बरणीत, बरणीत सिलिका जेल, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. बरणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड बियांवर दंव धरतं आणि सगळी मेहनत त्या पाच मिनिटांत वाया.

कांद्याचं बी वर्षभरात पेरून टाका. भेंडी दोन वर्षं, घेवडा तीन, वांगी-टोमॅटो-वेलवर्गीय चार-पाच.

१०. उगवण बघा

मृगाच्या तीन आठवडे आधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळा. वेलवर्गीय आठवड्यात कळतं, मिरची-वांग्याला दोन आठवडे द्या. सरकारी किमान उगवण टोमॅटो-वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६०. वीसपैकी दहाच उगवल्या तर दाट पेरा आणि याच वर्षी नवीन बी करा. पुढच्या वर्षावर ढकलू नका.

११. वही आणि कागदपत्रं

वहीत एवढं हवंच: बी कुणाकडून, कुठल्या गावचं, तिथे त्याला काय म्हणतात, पेरणीची तारीख, किती झाडं, हाताने परागीकरण की उघडं, बी काढल्याची तारीख. गावचं नाव फार महत्त्वाचं. एका ठिकाणी घेवडा म्हणजे श्रावण घेवडा, दुसरीकडे वालाचाच भाऊ, आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा म्हणजे राजमा. नुसतं "घेवडा" लिहिलेलं पाकीट दोन वर्षांनी तुमच्याकडेच बघून हसतं.

बी राखायला कुठलाही परवाना लागत नाही. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, बदलायचा, विकायचाही हक्क आहे. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली कुणाच्या नावावर नोंदवलेल्या, वाणाचं बी मात्र ब्रँडचं पाकीट करून विकता येत नाही. एखादं गावरान वाण गावाच्या नावावर नोंदवायचं असेल तर शेतकरी वाण म्हणून नोंदणीला शुल्क नाही. अर्ज, बीचा नमुना आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्यांची शिफारस लागते. अर्ज करायच्या आधी दोन हंगामांच्या नोंदी आणि फोटो तयार ठेवा, नाहीतर हेलपाटे.

परदेशातल्या नातेवाइकांना सामानात बी घालून देऊ नका. अमेरिकेत बी रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र किंवा आधी काढलेला परवाना लागतो, नसेल तर विमानतळावर जप्त होतं. चुलत बहिणीचं एक पाकीट तसं गेलं आहे.

१२. दोन घरी ठेवा

तयार बीचे तीन भाग करा. एक पेरायला, एक बरणीत, एक दुसऱ्याच्या घरी. शक्यतो दुसऱ्या गावी. ज्याच्याकडून बी आणलं त्याला पहिला मान.

मागच्या उन्हाळ्यात मामीच्या आढ्यावरचे दोडके उंदरांनी फोडले, एक दाणा ठेवला नाही. त्या वीस बियांपासून क्लिपा लावून केलेलं बी माझ्या बरणीत होतं. निम्मं तिला पाठवलं. तिने पुडी सोडली, एक बी दातांनी फोडून बघितली आणि फोनवर विचारलं, "कुंपण साफ केलं होतंस ना?"